मणक्याच्या ऑपरेशननंतरही कंबर दुखत राहते तेव्हा

मणक्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने उलटले आणि कंबर किंवा पाय अजून दुखतोच आहे, अशी माणसं आमच्या पेन क्लिनिकमध्ये रोज येतात. कुणी डोंबिवलीहून, कुणी वसईहून, कुणी लालबागच्या चाळीतून. हातात एमआरआयच्या फिल्मची जाड पिशवी आणि तोंडी एकच प्रश्न: "डॉक्टर, ऑपरेशन फेल गेलं का?" आम्ही पिशवी बाजूला ठेवतो आणि कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढतो. रेघेवर ऑपरेशनची तारीख टाकतो आणि एकेक विचारत जातो. ऑपरेशनच्या आधी कंबर जास्त दुखायची की पाय? शुद्धीवर आल्यावर पायातली कळ गेली होती का? गेली असेल तर किती दिवस? परत आली ती त्याच जागी की दुसऱ्या? हळूहळू वाढली की एका सकाळी उठताना अचानक?

हे विचारायला वेळ लागतो, कारण दुखणारा माणूस "काहीच फरक पडला नाही" एवढंच सांगतो आणि ते त्याला मनापासून वाटत असतं. मग शेजारी बसलेली बायको म्हणते, "अहो, गणपतीत पाच दिवस उभं राहून सगळं केलंत की! दुखणं दसऱ्यानंतर सुरू झालं." या एका वाक्याने आमची तपासाची दिशा बदलते. म्हणून घरचं माणूस सोबत आणा, असं आम्ही अपॉइंटमेंट देतानाच सांगतो.

कागदपत्रांवर या दुखण्याची दोन नावं दिसतील. जुन्या कागदांवर "फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम" आणि २०२१ नंतरच्या लिखाणात "पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप २". नाव कुठलंही असो, त्यातून कारण कळत नाही. कारण कळतं ते तारखांवरून.

ऑपरेशननंतर पायाची कळ एक दिवसही थांबली नसेल, तर पहिली शंका अशी की दुखण्याचं मूळ जिथे होतं तिथे हात लागलेला नाही. दोन मणक्यांमधल्या गादीचा तुकडा काढला, पण नस बाहेर पडते त्या बोगद्यात ती अजून आवळलेली राहिली. किंवा मणक्याची पातळी चुकली. किंवा नस इतके महिने दबलेली होती की दाब काढल्यावरही ती बरी होत नाही. अशा नसेत दाबाचं दुखणं संपून इजेचं दुखणं उरतं आणि त्याला पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नसतो. याच गटात आम्हाला दर थोड्या दिवसांनी खुब्याचा सांधा झिजलेला माणूस सापडतो. जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, मोजा चढवताना पाय वर येत नाही. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली दिसली म्हणून कंबरेचं ऑपरेशन झालं आणि दुखणारा खुबा तसाच राहिला. खुब्याचा साधा एक्स-रे काही शे रुपयांत होतो. तो आधी काढावा.

पाय काही आठवडे किंवा महिने छान राहिला आणि मग त्याच बाजूला, तशीच कळ अचानक आली, तर त्याच जागी गादी पुन्हा सरकली असण्याची शक्यता मोठी. गादीच्या ऑपरेशननंतर शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांना हे होतं. दुखणं तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान हळूहळू चढत गेलं, त्यात आग, मुंग्या, कापडाचा स्पर्शही नको वाटणं असेल, तर नसेभोवती तयार झालेल्या व्रणाकडे लक्ष जातं. इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ऑपरेशन झालेल्या बहुतेक प्रत्येकाच्या एमआरआयमध्ये व्रण दिसतो, एकदम ठणठणीत असलेल्यांच्याही. त्यामुळे रिपोर्टमध्ये "एपिड्युरल फायब्रोसिस", म्हणजे हाच व्रण, लिहून आलं म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही.

स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले असतील तर रेघ लांब ओढावी लागते. वर्ष झालं तरी हाड जुळलं नसेल तर कंबर हालचालीबरोबर दुखते आणि आडवं पडल्यावर थांबते. जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण वाढून तिथे झीज होते. त्याचा त्रास दर वर्षी शंभरात साधारण दोन-तीन जणांना नव्याने सुरू होतो, म्हणजे पाच-सात वर्षांनी येणारं दुखणं बहुधा शेजारच्या मणक्याचं असतं. जोड माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापर्यंत, म्हणजे सेक्रमपर्यंत गेली असेल, तर सगळी हालचाल खालच्या सॅक्रोइलियाक सांध्यावर, म्हणजे सेक्रम आणि ओटीपोटाचं हाड जुळतं तिथल्या सांध्यावर येते आणि तो दुखायला लागतो. आणि कंबरेचा आतला बाक सपाट ठेवून मणके जोडले गेले असतील, तर माणूस पुढे झुकतो, सरळ उभं राहण्यासाठी गुडघे वाकवतो, आणि संध्याकाळपर्यंत पाठीचे स्नायू थकून ठणकतात. असा माणूस दारातून आत येतानाच ओळखू येतो.

काही बाबतीत थांबायचं नसतं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचाची जाणीव जाणं, बसताना टेकतो तो भाग बधिर होणं, किंवा पाऊल अचानक लुळं पडून चप्पल निघून जाऊ लागणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. "सोमवारी सर येतील तेव्हा दाखवू" असं करायचं नाही. नस दाबाखाली जितका वेळ राहील तितकं परत मिळणं कमी.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. ऑपरेशननंतर दोन-चार आठवड्यांत कंबरदुखी कमी होण्याऐवजी वाढत चालली, कूस बदलतानाही किंचाळावंसं वाटलं, रात्री झोप लागत नसेल, तर ताप नसला तरी सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करायच्या. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत वर चढतो आणि सुमारे दोन आठवड्यांत खाली येतो. खाली येऊन पुन्हा चढला, किंवा आलाच नाही, तर गादीत संसर्ग असल्याचं धरून चालायचं. ईएसआर सावकाश उतरतो, सहा आठवडेही घेतो, म्हणून एकट्या ईएसआरवर घाबरायचं नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर आणि शक्यतो सुईने त्या जागेचा नमुना घेतला पाहिजे, कारण औषध आधी सुरू झालं की जंतू सापडत नाही आणि पुढचे सहा आठवडे अंधारात उपचार करावे लागतात. मुंबईत त्या नमुन्याची जीनएक्स्पर्ट तपासणी टीबीसाठीही करून घ्यावी. मणक्याचा टीबी इथे दुर्मीळ नाही, आणि त्याचं औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं.

रेघ पूर्ण झाली की अंगावरची तपासणी. "काकू, दुखतं तिथे एक बोट ठेवा. पूर्ण हात नको, एकच बोट." बहुतेक जण आधी अख्खा पंजा कंबरेवर फिरवतात. मग बोट थांबतं. कंबरेच्या खाली, मधल्या रेषेच्या एका बाजूला, जिथे खळी पडते तिथल्या हाडाच्या किंचित खाली आणि आत बोट पुन्हा पुन्हा तिथेच गेलं, तर सॅक्रोइलियाक सांध्याची शंका घ्यायची आणि तो सांधा ताणणाऱ्या पाच चाचण्या करायच्या. पाचांपैकी तीन चाचण्यांत ओळखीचं दुखणं जागं झालं तर शंका पक्की होत जाते. एकाच चाचणीवरून काही ठरवायचं नाही.

नसांसाठी टाचांवर चालायला सांगतो, चवड्यांवर चालायला सांगतो, पायाचा अंगठा हाताने दाबून वर उचलायला सांगतो. टाचांवर चालता येत नाही किंवा अंगठा कमजोर, तर पाचवी लंबर, म्हणजे कंबरेची नस कमजोर. पोटरीचं मात्र जरा वेगळं आहे. ती इतकी ताकदवान असते की एकदा चवड्यावर उभं राहता आलं म्हणून नस ठीक असं म्हणता येत नाही. एका पायावर, भिंतीला नुसती बोटं टेकवून, दहा वेळा टाच उचलायला लावायची. चांगला पाय दहा वेळा उचलतो आणि दुखरा पाय पाच-सहाव्या वेळेला अर्धाच वर येतो. कागदावर "पॉवर नॉर्मल" असलेल्या कितीतरी माणसांत पहिल्या सेक्रल नसेची कमजोरी या दहा उचलण्यांत दिसते. त्यानंतर खुबे फिरवून बघायचे, घोट्याची आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया बघायची, आणि टाक्यांच्या व्रणावर कापूस फिरवून बघायचा. कापूसही झोंबत असेल तर कातडीतल्या बारीक नसांचं दुखणं वेगळं मोजावं लागतं.

आता पिशवी उघडायची. सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्डाच्या मागे ऑपरेशन नोट आहे का ते पाहतो, आणि ती बहुधा नसते. डिस्चार्ज कार्डावर "लॅमिनेक्टॉमी डिस्केक्टॉमी" एवढंच असतं. कोणती पातळी, किती हाड काढलं, नस मोकळी दिसली का, मज्जारज्जूच्या आवरणाला छेद गेला होता का, स्क्रू कोणत्या धातूचे, हे ऑपरेशन नोटमध्ये असतं. अर्ज करून ती मागायची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि कागद किमान तीन वर्षं जपायचे असतात. त्यामुळे मागायला उशीर करू नये.

पुन्हा एमआरआय करायचा असेल तर चिठ्ठीवर "कॉन्ट्रास्टसह" असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर सेंटरवाले साधा एमआरआय करून देतात, पैसे जातात आणि मुख्य प्रश्न तसाच राहतो. मुख्य प्रश्न असा: नसेला चिकटलेला गोळा नव्याने सरकलेली गादी आहे की व्रण? व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध टोचल्यावर तो लगेच उजळतो. गादीच्या तुकड्यात रक्तवाहिन्या नसतात, तो मध्ये काळाच राहतो आणि फक्त कडेने उजळतो. पण अर्ध्या तासाने औषध झिरपून गादीही उजळू लागते. म्हणून औषध दिल्यावर लगेचच्या काही मिनिटांत फोटो घेतले पाहिजेत. औषधाआधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, मूत्रपिंडं बरीच कमजोर असतील तर रेडिऑलॉजिस्टशी बोलल्याशिवाय हे औषध घ्यायचं नाही. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सूज आणि रक्ताच्या गाठी मिसळून चित्र इतकं गढूळ असतं की संसर्गाची किंवा नस बिघडण्याची भीती नसेल तर थांबलेलं बरं. एमआरआयमध्ये नसा एकमेकींना चिकटून गुच्छ झालेल्या दिसल्या तर तो अरॅक्नॉइडायटिस. त्याला चाकू लावायचा नाही.

टायटॅनियमचे स्क्रू असले तरी एमआरआय करता येतो, पण स्क्रूच्या आसपासचा भाग विस्कटलेला दिसतो. हाड जुळलंय का, स्क्रू ढिला होऊन त्याच्याभोवती काळी कड आलीय का, हे सीटी स्कॅनमध्ये कळतं. आणि ज्याची सगळ्यात जास्त हेळसांड होते तो म्हणजे उभ्याने काढलेला साधा एक्स-रे: एक पुढे वाकून, एक मागे वाकून. एमआरआय आडवं पाडून काढतात. उभं राहिल्यावर घसरणारा मणका आडव्या फोटोत शहाण्यासारखा जागेवर बसलेला दिसतो. पुढे झुकलेल्या माणसाचा मानेपासून खुब्यापर्यंतचा उभ्याने काढलेला एक्स-रे हवा.

एवढं करूनही फोटो आणि दुखणं जुळत नाही, असं खूपदा होतं. मग सुईने विचारावं लागतं. ज्या सांध्यावर संशय त्याला संवेदना पुरवणाऱ्या बारीक नसेपाशी, सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी भुलीचं औषध सोडायचं. जास्त सोडलं तर ते शेजारी पसरतं आणि चाचणीचा अर्थ राहत नाही. चौथ्या-पाचव्या मणक्याच्या सांध्यासाठी तिसरी आणि चौथी अशा दोन बारीक नसा बधिर कराव्या लागतात.

पण चाचणी फसते ती बहुतेक वेळा सुई काढल्यानंतर. भुलीच्या औषधांपैकी लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तास, बुपिव्हाकेनचा तीन ते सहा तास. त्या तासांत माणूस रिक्षा करून घरी जातो, "इंजेक्शन घेतलंय, आराम कर" म्हणून घरचे त्याला झोपवतात, आणि संध्याकाळी उठतो तोवर परिणाम संपलेला असतो. मग उत्तर येतं, "काही फरक नाही." म्हणून आम्ही हातात छापील कागद देतो: दर अर्ध्या तासाने शून्य ते दहा असा आकडा, आणि समोर काय केलं ते. पाय बधिर किंवा हलका वाटत नाही याची खात्री झाली की सोबतचं माणूस घेऊन जे केल्यावर दुखतं तेच करायचं. जिना चढा, खाली बसून उठा, दहा मिनिटं उभे राहा. दुखणं ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या औषधाने पुन्हा तसंच झालं, तर तो सांधा दोषी.

दोषी सांधा सापडला तर त्या बारीक नसा रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळता येतात. सुईचं टोक ८० अंश सेल्सिअसवर, साधारण ९० सेकंद. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे उलट जास्त दुखू शकतं, हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून दुसरीकडे धावतो. आराम सहा महिने ते वर्षभर टिकतो, मग नस पुन्हा वाढते आणि गरज पडल्यास परत करता येतं. स्क्रू असलेल्या कंबरेत सुईचं टोक धातूला चिकटू द्यायचं नाही, स्क्रू तापतो. त्यामुळे ज्याने स्क्रूच्या कंबरेत हे काम केलेलं आहे अशाच हाती करून घ्यावं.

पायातल्या कळेसाठी एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत इंजेक्शन देतात. ऑपरेशन झालेल्या जागी मागून सुई घालायला जागा उरलेली नसते, म्हणून माकडहाडाजवळच्या छिद्रातून किंवा नस बाहेर पडते तिथून बाजूने जातात. बाजूने जाताना कण नसलेलं स्टेरॉइड, म्हणजे डेक्सामेथासोन वापरणं सुरक्षित. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढते. घरी ग्लुकोमीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ मोजायची आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवायचं. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी सात दिवस आधी थांबवावी लागते, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी हो म्हटल्याशिवाय एकही दिवस नाही. या इंजेक्शनने आठवडे-महिने आराम मिळतो, आणि तो वेळ व्यायाम सुरू करण्यासाठी वापरायचा असतो. नुसतं घरी बसून तो घालवला तर दर तीन महिन्यांनी पुन्हा सुईची वेळ येते.

औषधांत सगळ्यात जास्त गोंधळ "नसेच्या गोळी"चा. प्रिगॅबालिन आम्ही रात्री ७५ मिलिग्रॅमने सुरू करतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी, आणि आठवड्याला एक पायरी चढवतो. मूत्रपिंड कमजोर तर डोस आणखी खाली. पहिले काही दिवस गुंगी येते. त्या दिवसांत लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, स्कूटर चालवायची नाही, दारू तर अजिबात नाही. पाय सुजणं आणि वजन वाढणं हे पुढचे त्रास. आपल्याकडे ही गोळी मेथिलकोबालामिन किंवा नॉर्ट्रिप्टिलिन मिसळून सर्रास मिळते, आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या ब्रँडची नावं असल्याने माणूस नकळत दुप्पट प्रिगॅबालिन घेत असतो. दिवसभर पेंगतो आणि घरचे म्हणतात, ऑपरेशनपासून हा असाच झालाय. म्हणून सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून मागची बारीक अक्षरं वाचायची, हे आम्ही पहिल्याच भेटीत करतो. नसेच्या दुखण्यावरची दुसरी गोळी ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅमने जेवणानंतर सुरू करून आठवड्याने ६० करता येतं, मात्र सोबत ट्रॅमाडोल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, दोन्ही मिळून धोका होतो. डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून महिनोन् महिने खाणाऱ्यांचं क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. नसेच्या जळजळीवर त्या गोळीचा उपयोगही फारसा नाही.

व्यायामावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि तो मिळण्यासाठी भांडतोही. ऑपरेशनच्या वेळी मणक्याला चिकटलेला मल्टिफिडस स्नायू बाजूला ओढावा लागतो. तो बारीक होतो, त्यात चरबी भरते, आणि मोठे वरवरचे स्नायू त्याचं काम करू पाहतात. ते दिवसभर ताठ राहतात आणि ठणकतात. सुरुवात पालथं न झोपता, चार पायांवर येऊन करायची: पोट हलकं आत, श्वास चालू, एक हात पुढे, मग विरुद्ध पाय मागे, पाच सेकंद. कंबर एका बाजूला झुकली तर पाय उचलायचाच नाही, फक्त सरकवायचा. दहा वेळा डळमळत करण्यापेक्षा चार वेळा नीट करा.

चालण्याचं माप दुखण्यावर ठरवायचं नाही, घड्याळावर ठरवायचं. बाराव्या मिनिटाला दुखणं वाढत असेल तर नऊ मिनिटांवर थांबायचं, बरं वाटत असलं तरी. दिवसातून तीन वेळा. आठवड्याने एक मिनिट वाढवायचं. बऱ्या दिवशी तासभर चालून पुढचे तीन दिवस अंथरुणात, हा घोटाळा जवळपास सगळे करतात आणि त्याने नसांचा चिडकेपणा वाढत जातो.

मुंबईच्या घरात आणि गाडीत काय करायचं ते कुठल्याच छापील पत्रकात नसतं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर अर्धी बैठक बाहेर लटकते, एका पायावर भार येतो, ओटीपोटाचं हाड तिरकं होतं. सॅक्रोइलियाक सांधा दुखणाऱ्याने अंधेरी ते चर्चगेट चौथ्या सीटवर बसण्यापेक्षा पाठ टेकवून उभं राहावं आणि दर दोन स्टेशनांनी पायावरचा भार बदलावा. पहिले दोन महिने शक्य असेल तर गाडी सुटते त्या स्टेशनवरून स्लो पकडायची, गर्दीची वेळ टाळून कामाची वेळ बदलून मागायची. त्यासाठी लागणारी चिठ्ठी आम्ही लगेच देतो. रिक्षात मागच्या बाजूला मध्ये बसून दोन्ही पाय टेकवायचे, खड्ड्यात उडताना कंबर एकटी सापडत नाही. सकाळी पाणी भरताना भरलेली बादली पंधरा-वीस किलोची होते. ती अर्धी भरायची, दोन कळशा दोन हातांत घेतल्या तर त्याहून बरं. ओट्यापाशी उभं राहताना एक पाय चार इंची पाटावर ठेवायचा आणि भाजी निवडायला खाली बसायचं नाही, टेबल घ्यायचं. भारतीय शौचालय असेल तर वर ठेवायची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. जमिनीवरच्या गादीवरून उठताना सरळ बसायचं नाही: कुशीवर वळायचं, हाताने रेटायचं, गुडघ्यावर यायचं, मग उभं. पट्टा फक्त प्रवासाला. दिवसभर पट्टा बांधून ठेवला की आतला स्नायू आणखी सुस्तावतो.

झोप आणि भीती यांकडे दुर्लक्ष केलं तर वरचं सगळं अर्धं राहतं. "मानसोपचारतज्ज्ञांना भेटा" म्हटलं की माणसाला वाटतं, आपलं दुखणं खोटं ठरवलं. आम्ही स्पष्ट सांगतो की दुखणं खरं आहे. महिनोन् महिने दुखत राहिल्यावर मेंदू आणि मज्जारज्जू जास्त संवेदनशील होतात, मग कमी हालचालीतही जास्त दुखतं. हे शांत करण्याची पद्धत शिकवणारा माणूस लागतो, एवढंच. नोकरी जाईल ही धास्ती, घरात ओझं झाल्याची भावना यांवर घरच्यांसमोर बोलावं लागतं.

पुन्हा ऑपरेशनचा विचार आम्ही सोडलेला नसतो. त्याच जागी पुन्हा सरकलेली गादी, वाढत जाणारी कमजोरी, हाड न जुळलेला ढिला स्क्रू, संसर्ग, सरकणारा मणका: दुखणं, तपासणी आणि फोटो तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर सर्जनकडे पाठवायचं, वेळ घालवायचा नाही. नेमकं कारण नसताना "एकदा उघडून बघू" म्हणून केलेल्या ऑपरेशनांचं यश उतरत जातं. या विषयावरच्या लेखांत वारंवार दिले जाणारे आकडे दुसऱ्या वेळी ३० टक्के, तिसऱ्या वेळी १५ आणि चौथ्या वेळी ५ असे आहेत. आणि हाड जोडायचं असेल तर तंबाखू बंद. विडी-सिगारेटच नाही, दातांना लावायची मिश्रीसुद्धा. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि हाड जुळू देत नाही. "मी तंबाखू खात नाही" म्हणणाऱ्या काकूंना आम्ही मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारतो, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नसते.

सगळं करून पायातली नसेची आग शमत नसेल तर स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूला हलकी वीज देऊन दुखणं दाबणारं उपकरण, हा पर्याय उरतो. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तार आणि कातडीखाली बॅटरी. १९६७ साली हे पहिल्यांदा माणसात वापरलं गेलं. आधी फक्त तार घालून पाच-सात दिवस चाचणी घेतात, दुखणं निम्म्याने उतरलं तरच बॅटरी बसवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्म्याने उतरलेले स्टिम्युलेटर बसवलेल्यांत ४८ टक्के, तर नुसत्या औषधोपचारावर ९ टक्के. पण २०२२ साली ५० रुग्णांवर बंद आणि चालू उपकरणाची तुलना झाली, तीत फरक आढळला नाही. खर्च अनेक लाखांचा, तार सरकू शकते, संसर्ग होऊ शकतो. दुखणं मुख्यतः पायात, नसेचं, आणि माणूस व्यायामाला तयार असेल तरच आम्ही हा विषय काढतो. घर गहाण टाकून घेण्याची ही गोष्ट नाही, हेही सांगतो.

तीन महिन्यांनी कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात हे मोजणारी ऑस्वेस्ट्रीची दहा प्रश्नांची यादी पुन्हा भरून घेतो. शंभरातले दहा गुण कमी झाले असतील तर उपचार लागू पडतोय. दुखण्याचा आकडा सातवरून पाचवरच आलेला असतो, पण माणूस पुलाचा जिना एका दमात चढतो आणि सलग सहा तास झोपतो, असं खूपदा दिसतं. तिथून गोळ्या उतरवायला घेतो. प्रिगॅबालिन एकदम तोडायची नाही, आठवड्याला ७५ मिलिग्रॅमने खाली, शेवटी रात्रीची. दोन-तीन दिवस झोप बिघडते, चिडचिड होते, त्याने घाबरून डोस वाढवायचा नाही. आठवडाभर तसंच राहिलं तर मागच्या पायरीवर दोन आठवडे थांबायचं आणि मग पुन्हा खाली उतरायचं.